हवेच्या वाटेत नेमके अडते कुठे?

पेट्रोल पंपावर गाडीत एक लिटर पेट्रोल जाते तेव्हा माणूस मीटरच्या आकड्यांवरून नजर हलवत नाही. त्या एका लिटरच्या जोडीला जे लागते, त्याचे मीटर मात्र कुठेच नसते. पेट्रोल पूर्ण जळायचे तर वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एका लिटरमागे हा हिशेब जवळपास ११ किलो हवेचा होतो, आणि आकारमानात सुमारे ९,००० लिटरचा. उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात येणारा पाण्याचा मोठा टँकर साधारण १०,००० लिटरचा असतो. तसा टँकर जवळजवळ काठोकाठ हवेने भरावा, तेव्हा कुठे लिटरभर पेट्रोलची सोय होते.

म्हणून गाडीचा जोर वाढवू पाहणाऱ्याचे लक्ष आधी हवेकडे जाते, आणि ते योग्यच आहे. इंजिनात इंधन जास्त सोडणे सोपे असते. अवघड असते ते जळवण्यापुरती हवा आत नेणे. या एका विचारातून घरगुती कारागिरीचे एक मोठे दालन उभे राहिले आहे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुट्या भागांच्या दुकानांत शंकूच्या आकाराचे ‘कोन फिल्टर’ मिळतात. कंपनीचा काळा प्लास्टिकचा एअर बॉक्स काढायचा, त्या जागी पाइपचा तुकडा, एक एल्बो, दोन क्लॅम्प आणि टोकाला कोन फिल्टर बसवायचा, की काम झाले. काही जण तेवढाही खर्च करत नाहीत. एअर बॉक्सच्या झाकणाला ड्रिलने भोके पाडतात, किंवा फिल्टरच काढून ठेवतात. मग गाडी सुरू होते, आवाज भारदस्त येतो आणि चालवणारा सांगतो, पिकअप वाढला.

तो खोटे बोलत नसतो. त्याला तसे खरोखर जाणवलेले असते. पण जाणवणे आणि वाढणे यांत किती अंतर आहे, ते मोजता येते.

घाटातला पूल

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात अमृतांजन पूल होता. १८३० सालच्या त्या पुलाच्या खांबांमध्ये रस्ता आक्रसायचा आणि सुट्टीच्या दिवशी मागे गाड्यांची रांग लागायची. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडला गेला. त्याच्या आधी कुणी पनवेलजवळ रस्ता दुप्पट रुंद केला असता, तर घाटातली कोंडी एका गाडीनेही कमी झाली नसती.

इंजिनात शिरणाऱ्या हवेची वाट अशीच लांबलचक असते. बंपरमागचे किंवा मडगार्डजवळचे तोंड, तिथून एअर बॉक्स, आतला कागदी फिल्टर, मग रबरी नळी, थ्रॉटलची झडप, मॅनिफोल्डच्या नळ्या आणि शेवटी सिलिंडरच्या तोंडाशी व्हॉल्व्ह. यातली सर्वांत अरुंद जागा कोणती, यावर सगळे ठरते. दुसरी कुठलीही जागा रुंद केली तर पैसे जातात आणि हवा तेवढीच राहते.

रोजच्या वापरातल्या पेट्रोल गाडीत ही अरुंद जागा बहुतेक वेळ चालकाच्या उजव्या पायाखाली असते. पेट्रोल इंजिनाचा वेग हवा अडवूनच सांभाळला जातो. अॅक्सिलरेटर थोडा दाबलेला असताना थ्रॉटलची झडप जेमतेम किलकिली असते. गाडी उभी राहून इंजिन नुसते फिरत असते, तेव्हा झडपेच्या पलीकडचा दाब वातावरणाच्या दाबाच्या ३० ते ४० टक्क्यांवर आलेला असतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त दाब ही झडप मुद्दाम खाते. स्वच्छ फिल्टर आणि त्याची नळी मिळून इंजिन पूर्ण ताकदीने चालत असतानाही एक-दोन टक्क्यांच्या घरातला दाब खातात. फुकट गेलेल्या अर्ध्या भाकरीकडे दुर्लक्ष करून ताटाबाहेर पडलेले शीत वेचावे, तसे हे होते.

आकड्यांत पाहू. १.२ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा १.२ लिटर या हिशेबाने ते सेकंदाला जास्तीत जास्त ६० लिटर हवा ओढू शकते. प्रत्यक्षात ५० लिटरच्या आसपास. तेच इंजिन शहरात २,००० फेऱ्यांवर, थ्रॉटल थोडीशीच उघडी ठेवून चालते, तेव्हा त्याला सेकंदाला सातआठ लिटर हवा पुरते. प्रवाह सहावा हिस्सा झाला. नळीतला आणि कोपऱ्यांतला अडथळा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो छत्तीसाव्या हिश्शावर येतो. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत जाणाऱ्या गाडीला कोन फिल्टर मदत करू शकत नाही, कारण तिथे मदतीला जागाच नसते.

फिल्टर चोक झाला तरी

अडथळा कमी करण्याऐवजी मुद्दाम वाढवला तर काय होते, हे अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने पाहिले. पाच पेट्रोल गाड्या घेतल्या. चार २००३ ते २००७ दरम्यानच्या, इंधन इंजेक्शनच्या. त्यांतली एक टर्बोचार्जरची. पाचवी १९७२ सालची, कार्ब्युरेटरवर चालणारी. प्रत्येक गाडी आधी स्वच्छ आणि मग चोक झालेल्या फिल्टरवर चालवून इंधनाचा खर्च, धूर आणि वेग घेण्याची क्षमता तपासली.

नव्या चारही गाड्यांच्या मायलेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. कारण सरळ आहे. हवा कमी आली की संगणक तेवढे पेट्रोलही कमी सोडतो. चालकाला तोच वेग हवा असतो, म्हणून तो नकळत पाय थोडा जास्त दाबतो आणि थ्रॉटल जरा जास्त उघडते. फिल्टरने वाढवलेला अडथळा थ्रॉटलने कमी केला, हिशेब बरोबरीत सुटला. १९७२ च्या गाडीत मात्र फरक मोजता आला, कारण कार्ब्युरेटरला असा हिशेब जमत नाही. फिल्टर चोक झाला की कार्ब्युरेटरमधून हवेच्या मानाने पेट्रोल जास्त ओढले जाते. वेग घेण्यात मात्र पाचही गाड्या मागे पडल्या. अमेरिकी सरकार आज लोकांना सांगते, की चोक झालेला फिल्टर बदलल्याने नव्या गाडीचे मायलेज वाढत नाही, पण वेग घेण्याच्या वेळेत सुमारे ६ ते ११ टक्के सुधारणा होऊ शकते.

या प्रयोगाची दुसरी बाजूही पाहायला हवी. गच्च भरलेला फिल्टर जिथे मायलेजला धक्का लावू शकला नाही, तिथे स्वच्छ कागदी फिल्टरच्या जागी बसवलेला जास्त मोकळा फिल्टर मायलेज वाढवील, ही आशा सोडून द्यावी लागते. हवेला गोल फिरवून मायलेज वाढवण्याचा दावा करणारी नळीतली पाती आणि पंखे त्याच आशेवर विकले जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त साधने तपासली. त्यांतल्या फार थोड्यांनी काही फायदा दाखवला, तोही किरकोळ.

उरतो प्रश्न पूर्ण ताकदीचा. थ्रॉटल पूर्ण उघडी, इंजिन वरच्या फेऱ्यांत. तिथे फिल्टर आणि नळीचा अडथळा खरोखर मध्ये येतो, आणि म्हणूनच या विषयातली सगळी खरी यशे याच टोकाला सापडतात.

वाळवंटातला कारखाना

हाताने केलेल्या अशा बदलाने काम झाल्याचे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात स्पिटफायर विमाने आणली, तेव्हा वाळू ही शत्रूइतकीच मोठी अडचण ठरली. बारीक वाळू सिलिंडरमध्ये गेली की रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासून काढते, आणि इंजिन फार लवकर निकामी होते. म्हणून विमानाच्या नाकाखाली वोक्स नावाचा मोठा फिल्टर बसवला गेला. वाळू थांबली. पण विमानाला हनुवटी सुजल्यासारखे रूप आले, हवेचा विरोध वाढला, आणि वेग व वर चढण्याची क्षमता दोन्ही घटल्या. हवाई लढाईत हा फरक जिवावर बेतणारा होता.

इजिप्तमध्ये अबूकिर इथे ब्रिटिश हवाई दलाचे १०३ क्रमांकाचे दुरुस्ती केंद्र होते. तिथल्या लोकांनी आटोपशीर, निमुळता फिल्टर स्वतः तयार केला. वाळू तोही अडवत होता, पण विमानाचा वेग तेवढा खात नव्हता. तो ‘अबूकिर फिल्टर’ याच नावाने ओळखला गेला.

त्या कारागिरांना अडथळा कुठे आहे हे नेमके माहीत होते. तो डोळ्यांना दिसत होता आणि वैमानिकांच्या वेगात मोजला जात होता. शिवाय फिल्टर काढून टाकण्याचा सोपा उपाय त्यांनी स्वीकारला नाही. आज कोकणातल्या महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या लाल धुळीतून किंवा उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलचा फिल्टर काढणाऱ्याने हा भाग विसरू नये. जुन्या ट्रॅक्टरचे ऑइल बाथ एअर क्लीनर ज्याने धुतले आहे, त्याने तळाच्या वाटीत बसलेला मातीचा काळपट गाळ पाहिलेला असतो. तो गाळ तिथे अडला नसता, तर पिस्टनच्या रिंगांपाशी गेला असता.

एकाहत्तर ग्रॅमची मर्यादा

हवेच्या वाटेवर मुद्दाम बुच बसवले, की प्रत्येक मिलिमीटरची किंमत कळते. जागतिक रॅली स्पर्धेत १९९५ साली टर्बोचार्जरच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाचे आवळलेले तोंड सक्तीचे होते, म्हणजे सगळ्या गाड्यांची ताकद एका मर्यादेत राहील. टोयोटाच्या सेलिका गाड्यांत हे तोंड असे बसवले होते, की ते जोडणी आवळल्यावर काही मिलिमीटर सरकायचे आणि बाजूने जास्तीची हवा आत शिरायची. तपासणीसाठी जोडणी उघडली की सगळे पुन्हा नियमात बसायचे. स्पेनमधल्या कातालुन्याच्या रॅलीत ही युक्ती उघडी पडली. संघाचे गुण गेले आणि बारा महिन्यांची बंदी आली. जागतिक मोटार महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीसुद्धा त्या कारागिरीच्या हुशारीचे आश्चर्य बोलून दाखवले होते. गुन्हा गंभीरच होता. पण जिथे खरे बुच आहे तिथे किंचित फट मिळाली तरी ताकद कशी उसळते, याचा तो पुरावाही होता.

आपल्याकडे हाच धडा विद्यार्थी गिरवतात. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही स्वतः बांधलेल्या छोट्या रेसिंग गाड्या घेऊन उतरतात. पेट्रोल गाडीला नियम असा, की सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. त्या भोकात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला, की पलीकडून कितीही ओढले तरी जास्त हवा येत नाही. गणिताने ही मर्यादा सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमच्या दरम्यान पडते. संघांच्या वह्यांत ७१ च्या आगेमागे आकडे लिहिलेले असतात. मग भोकाच्या पुढे नळी किती अंशांत फाकवायची, म्हणजे हवा भिंतीपासून सुटणार नाही, यावर मुले रात्री जागवतात. त्यांच्या गाडीत हवेच्या वाटेचा आकार हाच विजय-पराजयाचा प्रश्न असतो. रस्त्यावरच्या गाडीत तसे बुच नसते.

गरम हवा आणि मोठी नळी

घरगुती बदल नुसताच निरुपयोगी ठरला, तर फार बिघडत नाही. अडचण अशी, की तो पुष्कळदा उलटा पडतो. त्याची पहिली वाट तापमानाची.

कंपनीच्या एअर बॉक्सचे तोंड बहुधा पुढच्या जाळीपाशी किंवा मडगार्डजवळ असते. तिथे बाहेरची हवा मिळते. एअर बॉक्स काढून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला, की तो इंजिन आणि रेडिएटरने तापलेली हवा ओढतो. बाहेर ३५ अंश असताना संथ वाहतुकीत बॉनेटखाली ६५ अंश सहज होतात. एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. ताकद तेवढी घटत नाही, कारण थंड हवाही मॅनिफोल्डमध्ये आणि सिलिंडरमध्ये जाताना तापतेच. इंजिनाची ताकद वेगवेगळ्या हवामानात तुलनेला आणण्यासाठी वापरले जाणारे सूत्र तापमानाचे वर्गमूळ घेते. त्या हिशेबाने तोटा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. मोकळ्या फिल्टरने जास्तीत जास्त जे मिळाले असते, त्याच्या दुप्पट इथे गेले. शिवाय गरम हवेमुळे इंजिन नॉक होऊ लागले, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटू लागले, तर संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि आणखी थोडी ताकद जाते.

दुसरी वाट सेन्सरची. अनेक गाड्यांच्या नळीत हवेचा प्रवाह मोजणारी तापलेली तार असते. हवा जितकी जोरात जाईल तितकी ती तार थंड होते, आणि त्यावरून संगणक हवेचे वजन ठरवतो. हा हिशेब ठरावीक व्यासाच्या नळीसाठी आखलेला असतो. ७० मिलिमीटरच्या जागी ७६ मिलिमीटरची नळी घातली, की तेवढ्याच हवेचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. संगणकाला वाटते हवा कमी आली, आणि तो पेट्रोल कमी सोडतो. साध्या चालीत धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि दुरुस्त करतो. पाय पूर्ण दाबला, की बऱ्याच गाड्या ती दुरुस्ती बाजूला ठेवून आधी साठवलेल्या आकड्यांवर चालतात, आणि मिश्रण नको तिथे पातळ होते. गंमत अशी, की पूर्ण ताकदीवर कंपनीने मिश्रण सुरक्षिततेसाठी थोडे जाड ठेवलेले असते. ते किंचित पातळ झाल्याने ताकद मोजणाऱ्या डायनोवर एखाददुसरा अश्वशक्तीचा आकडा वाढलेलाही दिसतो. ती वाढ जास्तीच्या हवेची नसते. कंपनीने ठेवलेल्या सुरक्षिततेतून तेवढे काढून घेतलेले असते.

कार्ब्युरेटरच्या गाडीला असा संगणकही नसतो. भारतात १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली ९८ सीसीची यामाहा आरएक्स १०० आजही कित्येक तरुण जिवापाड जपतात, आणि तिचा फिल्टर काढण्याचा मोह त्यांना हमखास होतो. फिल्टर गेला की हवा मोकळी आली, पण पेट्रोल मोजून सोडणारा जेट तोच राहिला. मिश्रण पातळ झाले. दोन-स्ट्रोक इंजिनाला ऑइलही पेट्रोलच्या मिश्रणाबरोबरच मिळते आणि सिलिंडरला आतून गारवाही त्याच मिश्रणाचा असतो. लांबच्या पल्ल्यावर, चढाला, पिस्टन तापून सीझ होतो. जाणता मेकॅनिक म्हणून आधी प्लग काढून बघतो. प्लगचे टोक पांढरट दिसले तर जेट मोठा टाकल्याशिवाय तो गाडी हातात देत नाही.

तिसरी वाट पाण्याची आहे, आणि ती मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. थंड हवा हवी म्हणून काही जण फिल्टर बंपरच्या खाली, चाकाजवळ नेतात. हवा तिथे खरोखर थंड मिळते. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसा दिवस तर सोडाच, हिंदमाता चौकात साध्या पावसाने तुंबणारे पाणीही तिथपर्यंत पोहोचते. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले, की वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढचा खर्च अख्ख्या इंजिनाचा असतो.

आवाज, लाटा आणि भोवताल

मग पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? कारण एअर बॉक्स आवाजही गिळत असतो. व्हॉल्व्ह उघडझाप करतात तशा हवेत दाबाच्या लाटा उठतात. बॉक्सला जोडलेल्या बंद डब्या त्यांतला ठरावीक सूर शोषून घेतात. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ हर्मान हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने हा अनुनादक ओळखला जातो, आणि बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो सूर निघतो, त्यामागचे तत्त्व हेच. डबी काढली की तो सूर मोकळा होतो. पाय जितका दाबावा तितका तो घुमतो, आणि कान त्याचा अर्थ ताकद असा लावतो.

त्याच लाटा नीट वापरल्या तर खरोखर कामाला येतात. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या ‘३०० एफ’ गाडीत मॅनिफोल्डच्या नळ्या ३० इंच लांब ठेवल्या होत्या. परतणारी लाट व्हॉल्व्ह बंद होण्याच्या बेतात सिलिंडरपाशी यावी आणि थोडी जास्त हवा आत ढकलावी, असे ते गणित होते. मधल्या फेऱ्यांत त्याने जोर वाढवला. तीच गाडी वरच्या फेऱ्यांसाठी तयार करताना नळ्यांची उपयोगी लांबी १५ इंचांवर आणावी लागली. साध्या रूपात ३७५ अश्वशक्तीचे इंजिन तेव्हा ४०० वर गेले. लांबी बदलली की जोर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकतो. अंदाजाने कापलेला पाइप तो कुठे सरकवील, हे कापणाऱ्याला आधी माहीत नसते. पुष्कळदा खालच्या फेऱ्यांचा जोर जातो, आणि गाडी शहरात बहुतेक वेळ तिथेच चालत असते.

वाऱ्याच्या जोराने हवा कोंबण्याचा बेतही मोजून पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणारा वारा पूर्ण थोपवला, तरी दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहून कमीच वाढतो. ३०० किलोमीटर वेगाला तो चार टक्क्यांवर जातो, कारण इथेही वर्गाचा नियम आहे. म्हणून १९९० च्या कावासाकी झेडझेडआर ११०० सारख्या वेगवान मोटारसायकलींत ‘रॅम एअर’ला अर्थ होता. २०१६ च्या निन्जा झेडएक्स-१०आरसाठी कंपनी २०० अश्वशक्तीचा आकडा देते आणि रॅम एअरसह २१०. घाटरस्त्याने ऑफिसला जाणाऱ्या स्कूटरला त्यातले काही मिळत नाही.

या सगळ्या टक्केवारीला एक घरचे माप लावता येते. मुंबई समुद्रसपाटीला, पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर. तेवढ्या चढाने हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो आणि साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात. महाबळेश्वरला ही घट १५ टक्क्यांच्या आसपास जाते. मुंबईहून पुण्याला आल्यावर गाडी सहा टक्क्यांनी मंदावली, अशी तक्रार कुणी करत नाही. मग नळी बदलून मिळालेला एखादा टक्का अंगाला कसा जाणवेल?

पाण्याची नळी घेऊन

तरीही कुणाच्या गाडीत एअर बॉक्सच अडथळा असू शकतो. विशेषतः टर्बो गाडीचा संगणक बदलून बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवलेला असेल, तर कंपनीने मूळ ताकदीसाठी आखलेली नळी कमी पडू लागते. ते शोधायचे साधन स्वस्त आहे. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी ‘यू’च्या आकारात फळीवर बसवायची आणि त्यात रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरायचे. तिचे एक टोक बारीक नळीने फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मध्ये जोडायचे, दुसरे उघडे ठेवायचे. ऑस्ट्रेलियाचे वाहन-लेखक ज्युलियन एडगर यांनी दाबमापक वापरून असे मोजण्याची सवय हौशी लोकांना लावण्यासाठी वर्षानुवर्षे लिहिले आहे.

हिशेब तोंडी करता येतो. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याच्या खांबाइतका असतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या पाण्यात दहा सेंटिमीटर फरक पडला, तर वाटेत एक टक्का दाब गेला. मोकळ्या चढावर, कायद्याच्या वेगात, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून इंजिन वरच्या फेऱ्यांना नेताना शेजारी बसलेल्याने आकडा वाचायचा; चालवणाऱ्याने नळीकडे बघायचे नाही. फरक पंधरा सेंटिमीटर आला, तर जगातली सर्वोत्तम नळी बसवूनही या गाडीला दीड टक्क्याहून जास्त काही मिळणार नाही. ८० अश्वशक्तीच्या गाडीत ते जेमतेम सव्वा अश्वशक्ती झाले. फरक पन्नास सेंटिमीटर आला, तर मात्र हाताला काम आहे. मग जोडणी एकेक जागी सरकवत न्यायची: आधी फिल्टरच्या अलीकडे, मग बॉक्सच्या तोंडाशी. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी मारतो, तिथेच अडचण बसलेली असते. बहुतेक वेळा ती बॉक्सच्या अरुंद तोंडात किंवा एखाद्या धारदार वळणात निघते. तोंड गुळगुळीत, बाहेरच्या बाजूला फाकलेले केले तरी फरक पडतो, आणि फिल्टर, सेन्सर, बॉक्स सगळे आपापल्या जागी राहतात.

बदलाआधी वॉरंटीचा कागद वाचून घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालाचे भानही ठेवावे. कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी दूर नेणाऱ्या बदलांबाबत न्यायालयाची भूमिका कडक आहे.

आणि नळी जोडण्याच्याही आधी एअर बॉक्स उघडावा. फिल्टर उजेडाकडे धरावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर नवा कागदी फिल्टर आणावा. वेग घेण्यात होणारी मोजता येण्याजोगी सुधारणा इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कशाने मिळत नाही. बॉक्सच्या तळाशी पडलेली सुकी पाने, पाखराची पिसे, उंदराने आणून ठेवलेला कापूस ओल्या फडक्याने काढावा. फिल्टरची रबरी कड खाचेत सगळीकडून बसली का ते पाहावे, आणि झाकण लावल्यावर क्लिपा एकेक करून बोटाने चाचपाव्यात. मागची, इंजिनाच्या बाजूची क्लिप घाईत उघडी राहून जाते, आणि फिल्टर न झालेली धूळ तिथूनच आत जाते.